जहाजाचा कडा

तेमोमामाने उभ्या आयुष्यात जहाज पाहिलं नव्हतं. समुद्रसुद्धा नाही. तरी परदेशात छापलेल्या एका जाडजूड पुस्तकात त्याचा पानभर फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘नूहच्या जहाजाला हात लावलेला माणूस’.

तेमो माझ्या आईचा धाकटा भाऊ. अरारात पर्वताच्या पायथ्याला आमचं कुर्दांचं गाव. मामाची मेंढरं होती, थोड्या मधाच्या पेट्या होत्या, आणि उन्हाळ्यात वरच्या कुरणावर काळा तंबू. फोटो काढला तेव्हा तो ऐन तिशीत होता. प्रेस्कॉट नावाचा एक अमेरिकन साहेब नूह पैगंबराचं महापुरातलं जहाज शोधत आला होता. खालच्या बायझिद शहरातला हॉटेलवाला नेजमी त्याचा दुभाषी. कुरणावर चहा झाला, आणि साहेबाने विचारलं, वर बर्फात जहाजासारखं काही पाहिलंस का?

वर हिमनदीच्या काठाला एक लांबट काळा कडा आहे. खालून बघितलं तर पुढचं टोक नावेसारखं दिसतं, म्हणून आमचे मेंढपाळ त्याला जहाज म्हणतात. मामा म्हणाला, “ते होय! आमच्याकडे त्या कड्याला जहाज म्हणतात. लहानपणी आजोबांबरोबर चुकलेली मेंढी शोधत गेलो होतो, तेव्हा त्याला टेकून भाकर खाल्ली.”

नेजमीने साहेबाला सांगितलं, “हा म्हणतो, आजोबांबरोबर जहाजाला टेकून बसलो होतो.”

साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मामाला मिठी मारली. मामाला वाटलं, किती मायाळू लोक, भाकरीच्या गोष्टीनेही गहिवरतात.

पुस्तक आलं तेव्हा मी गाडी चालवायला लागलो होतो. प्रवाशांची ने-आण करता करता इंग्रजी शिकलो होतो. मीच मामाला ते वाचून दाखवलं. तो आधी हसला. मग पान बोटाने दाबून धरत म्हणाला, “पण हे खोटं आहे. ती शिळा आहे. नेजमीला सांग, खोडायला लाव.”

नेजमी म्हणाला, “छापलेलं खोडता येतं होय? आणि तेमो, तुझं काय जातंय? गावातली खेचरं भाड्याने जातायत, पोरांना हमाली मिळतेय. तू फक्त गप्प बस.”

मामाला गप्प बसणं जमायचं नाही. जो येईल त्याला तो सांगायचा, शिळा आहे. पुढे प्रेस्कॉटसाहेबाने बर्फातून लाकडाचा एक तुकडा आणला. एका ठिकाणी तपासला तर हजारो वर्षांचा निघाला, दुसऱ्या ठिकाणी तपासला तर काही शतकांचा. छापलं ते पहिलंच. मामा म्हणाला, “जुनं लाकूड म्हणजे लगेच जहाज? पलीकडच्या दरीत डोंगर कोसळला तेव्हा आर्मेनियन लोकांचं गाव मठासकट गाडलं गेलं. त्यांच्या छपरांच्या तुळया कुणी का शोधत नाही? तिथे तर खरीच माणसं गाडली गेलीत.”

जहाजावर पोट भरणाऱ्या गावाला हे झोंबलं. मशिदीबाहेर मुल्ला इद्रिसने त्याला सगळ्यांदेखत अडवलं. “तेमो, तू नूह पैगंबराला नाकारतोस?”

“नूहला कशाला नाकारू? मी नेजमीला नाकारतो.”

दोघे-तिघे हसले. पण त्या वर्षीपासून मामाची मेंढरं गावच्या कळपात घेईनात. सितीमामी एकटी डोंगरउतारावर राखणीला जायची. मामाला शिव्या द्यायची, आणि जायचीच.

आणि त्या साहेबलोकांचं काय सांगावं! मामा ‘शिळा’ म्हणाला की ते एकमेकांकडे बघायचे. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत आलं, ‘सरकारच्या दहशतीमुळे हा साक्षीदार आता बोलायला घाबरतो.’ मी वाचून दाखवलं तेव्हा मामाने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, “म्हणजे हो म्हटलं तरी जहाज, नाही म्हटलं तरी जहाज. आता मी करू तरी काय?”

टोबियास आला तो त्यानंतरच्या उन्हाळ्यात. हॉलंडचा, उंच, गालांवर अजून कोवळी लव. पुस्तक त्याने छातीशी धरलं होतं. मामाला बघताच त्याने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. दुभाषी मी होतो.

मामा म्हणाला, “पोरा, तिथे जहाज नाही. कडा आहे. त्याच्या खालचा बर्फ आतून पोकळ आहे, उन्हाळ्यात भेगा उघडतात. तू जाऊ नकोस.” मला म्हणाला, “जसं बोलतो तसंच सांग. एक शब्द इकडेतिकडे नको.”

मी तसंच सांगितलं. पोरगा गोड हसला. “त्यांना सांगा, मला कळतंय. त्यांनी घाबरू नये. मी त्यांचं नाव कुठेही घेणार नाही.”

मी ते मामाला सांगितलं. मामाने कपाळावर हात मारला. पोरगा त्याच्या गळ्यात पडला, आणि नेजमीने दिलेला वाटाड्या घेऊन दोन मित्रांबरोबर वर गेला.

मित्र परतले ते त्याच्याशिवाय. कड्याच्या अगदी खाली, फोटो काढायला मागे सरकताना बर्फ खचला होता. वाटाड्या पळून गेला होता. भेगेत उतरायला कुणी तयार होईना. मामा उतरला. दोर आम्ही धरला होता. खालून त्याचा आवाज आला, “ओढा,” आणि मग जरा वेळाने, “सावकाश. मान लटकतेय.” कुरणापर्यंत त्याने पोराला पाठीवरून आणलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

टोबियासची आई आली. आग्नेस तिचं नाव. बारीकशी बाई, मुलाचंच जाकीट घातलेलं. सितीमामीने तिच्यापुढे भाकर आणि रानपाला घातलेलं चीज ठेवलं. तिने शिवलं नाही. ती म्हणाली, “माझा मुलगा जहाजापर्यंत पोचला होता ना? तेवढंच सांगा मला.”

मी मामाकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा हो म्हणेल. मी डोळ्यांनी विनवलंसुद्धा.

मामा मान खाली घालून म्हणाला, “बाई, तिथे जहाज नाही. कधीच नव्हतं. मी तसं बोललोच नव्हतो. मी त्याला सांगितलं होतं.”

मी सांगितलं. तिने विचारलं, “मग माझा मुलगा दगडासाठी मेला?”

“हो, बाई. दगडासाठी.”

ती उठली आणि तिने मामाच्या तोंडात मारली. मामी धावली, तर मामाने तिला हाताने थांबवलं. बाईने पुन्हा मारलं. मग ती तिथेच जमिनीवर बसली, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की बाहेरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

त्यानंतर मामा मेंढरं मामीवर सोडून दर उन्हाळ्यात गिर्यारोहकांच्या शेवटच्या तळावर जाऊन राहायला लागला. मी त्याला दोन इंग्रजी वाक्यं शिकवली होती. जहाज नाही, दगड आहे. बर्फ मारतो. वर जाणाऱ्या प्रत्येकासमोर उभा राहून तो ती म्हणायचा. लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे आणि पुढे जायचे. नेजमीची माणसं त्याला वेडा म्हणायची. एकदा त्यांनी त्याचा तंबू फाडला. तो तिथेच बसून शिवत राहिला. त्याच्या बोलण्याने कुणी परत फिरल्याचं मी पाहिलं नाही.

बऱ्याच वर्षांनी आग्नेसबाई पुन्हा आल्या. गुडघे गेलेले, हातात काठी. म्हणाल्या, “मला ती जागा बघायची आहे.” वर नेणं शक्य नव्हतं. मी गाडीने कुरणापर्यंत नेलं, आणि मामा तळावरून त्यांच्यासाठी खाली आला. तोही म्हातारा झाला होता, छातीत घरघर लागलेली. मामाने आपली दुर्बीण त्यांच्या हातात दिली, त्यांच्या मागे उभा राहून ती हळूच वळवली, आणि कड्यावर नेमकी धरली.

हवा स्वच्छ होती. काळा कडा, खाली बर्फ, बर्फात निळ्या भेगा. बाई खूप वेळ बघत राहिल्या. मग दुर्बीण न काढताच हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणतेय?” मामाने विचारलं.

“म्हणतेय, मला जहाज दिसतंय.”

मामाचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता ती दोन वाक्यं येणार. पण त्याने तोंड मिटलं. बाईंना दुर्बीण जड होत होती, म्हणून त्याने खालून दुर्बिणीला आधार दिला, आणि त्यांचं बघून होईपर्यंत तसाच उभा राहिला.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, “चहा आण तिला. साखर चहातच विरघळव, आपल्यासारखा खडा दातांत धरून प्यायची सवय नसेल तिला.”

बाईंना मी त्याच दिवशी बायझिदला सोडलं. मामा दुसऱ्या दिवशी परत तळावर गेला. पोलंडहून सहा-सात जणांची तुकडी आली होती. तो त्यांच्या वाटेत उभा राहिला, आणि खोकत खोकत म्हणाला, जहाज नाही, दगड आहे. त्यांनी त्याला बाजूला सारून वाट काढली.

त्याच हिवाळ्यात मामा गेला. जमीन इतकी गोठली होती की कबर खणायला आधी विस्तव पेटवून माती मऊ करावी लागली. गावातून चौघे आले. मुल्ला इद्रिसही आला, हे सांगायला हवं.