मुठीचं पीठ

"हे गावाचं झालं. तुहं सांग."

एवढं म्हणून ती पदर कमरेला खोचायची आणि गिरणीच्या इंजनाच्या हँडलला हात घालायची. इंजन एकदा खोकायचं, दोनदा खोकायचं, मग त्याची पुकपुक सुरू व्हायची आणि समोरच्याचं जे काही सांगायचं असेल ते त्या आवाजात बुडून जायचं. बहुतेकांची त्यात सोयच व्हायची, कारण गावाचं सोडून स्वतःचं असं सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नसायचंच.

आमचं गाव कनेरगाव नाक्यावरून आत. नाव सांगत नाही. तुमच्या गावाचं नाव घातलंत तरी काही बिघडणार नाही. गावात महादेवाचं देऊळ, देवळामागं देवस्थानची मोकळी जागा आणि त्या जागेत पत्र्याच्या शेडमध्ये हिची पिठाची गिरणी. ती गुरवाच्या घरातली. नवऱ्यानं गिरणी घातली आणि दोन पावसाळे झाले नाहीत तोच तो वारला. बाईच्या हातानं इंजन सुरू होत नसतं, असं तेव्हा गाव म्हणालं. आता ही गिरणी विकील आणि दिराच्या दारात भाकरी खाईल, असंही म्हणालं. तिनं दुसऱ्याच दिवशी हँडल मारलं. हात सुजला, पण गिरणी चालली. गाव तिला गिरणीवाली म्हणायचं. आम्ही गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या पोरी मावशी म्हणायचो. तिनं कधी हरकत घेतली नाही.

गोड बाई होती, असं मात्र समजू नका. चांगली माणसं गोड असतात हा समज कोणी पसरवला कोण जाणे. ही भांडकुदळ होती. भुवया पिठानं कायम पांढऱ्या, त्याखाली डोळे लाल, आणि आवाज इंजनावर मात करता करता असा चढलेला की तिनं 'बस गं' म्हटलं तरी शिवी दिल्यासारखं वाटायचं. सगळ्यांनी मानलेली गोष्ट दिसली की तिला ती उलटीपालटी करून पाहायचीच असायची.

अमावास्येला गिरणी चालवत नसतात, इंजन बिघडतं, असं सगळे सांगायचे. ही म्हणाली, "इंजनाला काय कळतं अमुशा का पुनव?" आणि चालवली. नेमका त्याच दिवशी पट्टा तुटला. गावाला इतका आनंद झाला की दळण नसलेले लोकही तुटलेला पट्टा पाहून गेले. हिनं हिंगोलीहून नवा पट्टा आणवला आणि पुढची अमावास्या आली तशी सकाळपासून गिरणी सुरू केली. त्या दिवशी काही तुटलं नाही. ते पाहायला कोणी आलं नाही.

दुष्काळाच्या साली सरकारी लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, आली. ती खाल्ली की पोट बिघडतं असं जो तो म्हणू लागला. ही म्हणाली, आधी खाऊन पाहते. आठवडाभर मिलोच्या भाकरी खाल्ल्या आणि पोट धरून शेडच्या दारात बसली. "काय मावशी?" मी विचारलं. "लोकायचं बराबर हाय," ती म्हणाली. लोकांचं बरोबर निघालं की कबूल करायला तिला लाज वाटायची नाही. फक्त खात्री तिची तिला करून घ्यायची असायची, आणि गावाला तिची हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचायची.

मी मॅट्रिक झाले तेव्हाची गोष्ट. मला मास्तरकीच्या कोर्सला जायचं होतं आणि आमच्या वस्तीतली सगळी जाणती माणसं नको म्हणत होती. पोरगी परगावी राहिली की हातची जाते, असं त्यांचं ठरलं होतं. मी दळण घेऊन गेले आणि रडत तिला हे सगळं सांगितलं. तिनं माझी ज्वारीची पाटी उतरवून घेतली.

"हे वस्तीचं झालं. तुहं सांग."

"मला जायचंय."

"मंग मले काहून सांगून राहिली? घरी सांग."

"तुमी बोला ना बाबांशी."

"म्या काहून? मले कुटं जायचं हाय?" ती म्हणाली आणि हँडल मारलं. मला तिचा असा राग आला की घरी पोचेपर्यंत तो उतरला नाही, आणि त्याच रागात मी बाबांपुढं उभी राहून बोलले. आज माझं पेन्शन चालू आहे ते त्या रागापायी.

आता मुठीची गोष्ट. आमच्या वस्तीचं दळण झालं की त्यानंतर जिचा नंबर असेल ती बाई आपल्या ज्वारीतली एक मूठ आधी दळून घ्यायची आणि ते पीठ बाजूला काढायची. दगडात आमचं जे पीठ राहिलं असेल ते त्या मुठीबरोबर निघून जावं म्हणून. मग तिचं दळण 'चोख' व्हायचं. हे कोणी शिकवलं, कधी ठरवलं, कोणालाच माहीत नव्हतं. सासू करायची म्हणून सून करायची. आम्ही समोर उभ्या असायचो. आम्हालाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं, आणि हे लिहिताना आज त्याचाच जास्त संताप येतो.

मावशीनं त्या मुठीला कधी विरोध केला नाही. मला याचंच नवल वाटायचं. इतकी वाद घालणारी बाई, पण मुठीचं पीठ निमूटपणे एका मोठ्या डब्यात टाकायची आणि वर झाकण लावायची. ते शेळीला जात असेल असं मी धरून चालले होते.

सत्तरचं दशक सरत आलं आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. आमच्या गावात घरं जळली नाहीत. आमचं गाव समजूतदार. त्यांनी फक्त देवळात बैठक घेतली आणि सर्वानुमते ठरवलं की वस्तीला काम द्यायचं नाही, दुकानातून सामान द्यायचं नाही आणि दळण दळून द्यायचं नाही. मी कोर्स संपवून नेमणुकीची वाट पाहत घरीच होते. घरात ज्वारी होती, पण पीठ नव्हतं. गिरणी आल्यापासून वस्तीतली दळायची जाती मोडीत निघाली होती. आमच्या जात्याची तळी तर न्हाणीत कपडे धुवायला टाकलेली. दोन दिवस आईनं ज्वारी शिजवून घातली. तिसऱ्या दिवशी मी पाटी डोक्यावर घेतली आणि गावातून निघाले. कोणी अडवलं नाही. सगळे पाहत होते.

मावशीनं काही विचारलं नाही. दळण गिरणीत ओतलं. पीठ पडायला लागलं आणि सरपंच आले. मागं दहापंधरा माणसं आणि त्यांच्या मागं तिचा दीर, तोच महादेवाचा पुजारी.

"वैनी, इंजन बंद करा. बोलायचं हाय."

"दळण आत हाय. अर्धं दळण म्या कदी सोडलं न्हाई. थांबा."

आणि ते थांबले. वस्तीला दळण मिळू नये म्हणून आलेली माणसं वस्तीतल्या एका पोरीचं दळण संपेपर्यंत पिठात पांढरी होत उभी राहिली. मला त्या भीतीतही हसू येत होतं. तिनं शेवटचं पीठ झटकून माझ्या पाटीत टाकलं, पाटी माझ्याकडं सरकवली आणि मग इंजन बंद केलं.

"सगळ्या गावानं ठरवलं हाय," सरपंच म्हणाले.

"हे गावाचं झालं. तुमचं सांगा."

"माझं तेच."

"तुहं रे?" तिनं शेजारच्याला विचारलं. तो म्हणाला, सगळ्यांचं तेच माझं. ती एकेकाला विचारत गेली. कोणी 'तेच' म्हणालं, कोणी नुसती मान हलवली. दीर जमिनीकडं पाहत राहिला. मग तिनं तो मोठा डबा ओढत आणला आणि झाकण काढलं.

"हे काय हाय?"

"मुठीचं पीठ," कोणीतरी म्हणालं.

"व्हय. वस्तीच्या दळनामागचं. तुमच्या बायका दगड धुऊन काढतात ते. हे कुटं जातं, इच्यारलं कदी?" तिचा आवाज इंजन बंद असूनही तसाच होता. "दर साली सरावनात देवळात भाजीभाकरीचा भंडारा होतो. माह्या घरून पिठाचं पोतं जातं. ते हे. इतके साल तुमी सगळे खाऊन राहिले. कोनाचं पोट दुखलं सांगा. देवानं टाकून देल्लं का सांगा."

मी त्या माणसांचे चेहरे पाहत होते, आणि तुम्ही तिथं असतात तर तुम्हीही तेच पाहिलं असतं. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, किळस नव्हती, लाजही नव्हती. प्रत्येक जण शेजारच्याकडं पाहत होता. आपण चिडायचं, की लाजायचं, की मारायला धावायचं, हे त्याला शेजाऱ्याच्या तोंडावरून समजून घ्यायचं होतं, आणि शेजाऱ्याचीही तीच अडचण होती. त्या घडीभरात मला वाटलं, आता यांतला एक तरी काही स्वतःचं बोलेल.

सरपंच हसले. "वैनीचं डोकं फिरलं," ते म्हणाले.

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. हसू एकाकडून दुसऱ्याकडं गेलं, मागंपर्यंत पोचलं. येडी झाली, येडी झाली. सगळ्यात शेवटी तिचा दीर हसला. त्याला भंडाऱ्याचं पोतं कुठून यायचं ते माहीत होतं. तोच ते उतरवून घ्यायचा. तो हसला तेव्हा मावशी डब्याच्या कडेला खाली बसली. मी तिला दिवसाउजेडी बसलेली फार कमी वेळा पाहिली होती.

म्हणजे ती जे बोलली ते घडलंच नाही, असं गावानं सर्वानुमते ठरवलं. देऊळ धुतलं नाही, कोणी उपास धरला नाही. धुतलं असतं तर ती खरं बोलली हे मान्य केल्यासारखं झालं असतं.

संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या तरुण मंडळाची पोरं तिच्यासाठी हार घेऊन गेली. तिनं हार घेतला नाही. "उद्या म्या तुमच्या इरुद्द बोलले तर वापस मागता का?" ती म्हणाली. पोरं हिरमुसून परत आली. बाई जरा तऱ्हेवाईकच आहे, असं आमच्याकडंही बोललं गेलं.

पुढं जे झालं ते हळूहळू झालं. गाव दळणाला शेजारच्या गावी जाऊ लागलं. मग सरपंचांच्या पुतण्यानं नवी गिरणी घातली. देवस्थानची जागा रिकामी करा, असं गावानं दिराच्या तोंडून तिला कळवलं. दिराचंही खरं होतं, त्याचं पोट देवळावर होतं. आणि मग समझोता झाला. वस्तीला काम मिळणार, दुकान मिळणार, नव्या गिरणीत दुपारनंतर दळण मिळणार. अट एकच, त्या बाईच्या गिरणीवर कोणी जायचं नाही. आमच्या जाणत्या माणसांनी मान डोलावली. एका बाईपायी सगळ्या वस्तीला तकलीफ कशाला?

बाबा बैठकीहून आले आणि मला म्हणाले, "सगळ्याईनं ठरवलं हाय. तिकडं जायचं न्हाई."

"हे वस्तीचं झालं, बाबा. तुमचं सांगा."

मला वाटलं ते मारतील. ते पायातल्या वहाणा काढत उंबऱ्यावर बसले.

"माहं काय घेऊन बसलीस, माय," ते म्हणाले. "माहं आजवर इच्यारलं कोनी?"

दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन मावशीकडं गेले. बाबांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. शेडमध्ये कोणी नव्हतं. एका पाटीसाठी इंजन लावलं तर दळणापेक्षा डिझेल महाग पडतं हे मला कळत होतं. तिनं पाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"तुहं हाय का वस्तीचं?"

"माझं."

तिनं पदर खोचला. हँडल आता तिला जड जात होतं. इंजन तीनचारदा खोकलं आणि लागलं. ती पुकपुक गावभर ऐकू जात असणार. बाहेर कोणी आलं नाही. पीठ झालं, तिनं हातानं चाचपून पाहिलं, जरा भरड आहे म्हणाली, आणि पैसे घेतले. फुकट तिनं कधी कोणाला दळून दिलं नाही.

महिन्याभरात इंजन वाशिमच्या कोणीतरी नेलं आणि ती हट्ट्याकडं बहिणीच्या गावी गेली. माझी नेमणूक झाली, बदल्या होत राहिल्या. ती वारल्याचं मला वर्षभरानं कळलं.

निवृत्त झाल्यावर गावानं मला श्रावणातल्या भंडाऱ्याला बोलावलं. आता पंगत एकच असते. सरपंचांचा मुलगा माईकवर बोलला. आमच्या गावात भेदभाव कधी नव्हता, म्हणाला, पीठसुद्धा आम्ही एकाच गिरणीत दळलं. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी एक म्हातारा जेवत होता. त्याला मी ओळखलं. त्या दिवशी शेडमध्ये आलेल्यांपैकी तो एक.

"गिरणीवाली आठवते का?" मी विचारलं.

"ती व्हय," तो घास चावत म्हणाला. "ती येडी व्हती."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हनायचे."

"हे गावाचं झालं," मी म्हणाले. "तुमचं सांगा."

त्याचा हात पानावर थांबला. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. त्या दिवशीचं दुसरं कोणी आता उरलेलं नव्हतं. दोन्हीकडं नातवंडांच्या वयाची पोरं खाली मान घालून जेवत होती. तो थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिला. मग त्यानं वाढप्याला हाक मारली आणि या बाईंच्या पानावर भाजी वाढ म्हणून सांगितलं.