कूलरचे पाणी आणि हरळी

सोमवार, २० मे २०२४. सकाळचे सहा वाजायला दहा मिनिटे होती. पत्नी हिरवळीच्या कडेपर्यंत आली, एक पाऊल टाकून थांबली.

"काय झालं?" मी विचारले.

"टोचून राहिलं."

"कोणत्या पायाला?"

"डाव्या. उजव्याले कुठं काही समजते?"

काठी टेकत ती खोलीत परत गेली आणि पलंगावर बसली. पुन्हा उठली नाही.

जानेवारीत तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती : रोज चालायचे, चालणे सुटले तर अंथरूण सुटणार नाही. मार्चमध्ये ती फरशीवर घसरून पडली. तेव्हापासून घरात ती भिंतीचा आधार सोडत नसे. आधाराशिवाय चालायची ती केवळ गवतावर, अनवाणी, रोज दहा फेऱ्या. मी व्हरांड्याच्या खांबामागे उभा राहून त्या मोजत असे.

ही हिरवळ मी निवृत्तीनंतर लावली. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. म्हणून तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळले, जमिनीला नालीकडे उतार दिला आणि रोपवाटिकेतून रुंद पानाचे मऊ गवत आणले. उन्हाळ्यात ते चार बोटे उंच ठेवायचे, पाणी सूर्य वर येण्याआधी द्यायचे. हे नियम मी मोडले नाहीत. तरीही एप्रिलपासून पात्यांची टोके करपू लागली. दोष मी उन्हाला दिला आणि पाणी वाढवले. नळ एक दिवसाआड येत असल्याने वाढीव पाणी कूलरचे होते. टाकीच्या तळाला नळी जोडून रात्रीचे उरलेले पाणी मी रोज सकाळी गवतावर सोडत असे. थेंबही वाया जात नाही, याचे मला समाधान होते.

आठ वाजता माळी आला. माझ्याच वयाचा माणूस. आठवड्यातून एकदा येतो आणि मोजके बोलतो. त्याने वाळके पाते चुरगाळले, नळीचा माग काढत कूलर गाठला आणि जाळीवरचा पांढरा थर नखाने खरवडून माझ्यापुढे धरला.

"साहेब, गवताले मीठ चारून राहिले तुमी."

खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरच्या पाण्यातले क्षार तपासण्यात माझी एकतीस वर्षे गेली. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतो. नव्याने रुजू होणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवत असे. बॉयलरमध्ये जे मला रोज दिसत होते, ते स्वतःच्या व्हरांड्यात दिसले नाही.

"उपाय काय?"

"पावसाचं पानी पडू द्या. मीठ खाली उतरलं का मंग नवं गवत लावू."

"तिला इतके दिवस थांबता येणार नाही."

त्याने खोलीकडे पाहिले. मग कुंपणाच्या भिंतीलगतच्या हिरव्या पट्ट्याकडे बोट केले. "ते पाहा, कसं उभं आहे."

"ती हरळी आहे."

"हरळी तं हरळी. मिठानं तिचं काही होत नाही. काहून लाजता?"

लाज नव्हती. माझे वडील उन्हाळाभर कुदळीने शेतातली हरळी खणत, तिच्या मुळ्या बांधावर वाळवत आणि जाळून टाकत. हरळी शेत खाते, हे त्यांचे शब्द. मीही दर रविवारी खुरपे घेऊन ती उपटत आलो. भिंतीलगतचा तेवढा पट्टा वाचला, कारण गणपतीच्या दूर्वांसाठी पत्नीने तो मला उपटू दिला नाही. त्यावरून आमचे अनेकदा वाजले होते.

मधले मेलेले गवत आम्ही दोघांनी खरवडून काढले. हरळीच्या कांड्या तोडून वीतभर अंतरावर लावल्या, वर नळाचे पाणी दिले आणि सावलीसाठी हिरवी जाळी बांधली. दुपार झाली. माळी गेल्यावर मी भिंतीलगतचा पट्टा कात्रीने सारखा कापला, कचरा वेचला आणि हाताने चाचपून खडे काढले. रुंदी तीन फूट भरली. एका माणसाला पुरे होती.

साडेपाचला पत्नीला तिथे नेले. ती खाली पाहत राहिली.

"ही तं माही हरळी."

"हो."

"इतकी वर्षं उपटाले धावत होते."

"पाय ठेवून पाहा."

तिने डावा पाय ठेवला, मग उजवा. "टोचत नाही," ती म्हणाली. माळ्याचे सकाळचे बोलणे तिने खोलीतून ऐकले होते. म्हणाली, "एकतीस वर्षं पानी तपासलं म्हणे!"

पहिली फेरी तिने भिंतीला हात लावून केली, दुसरी हात सोडून. तिसऱ्या फेरीला दम लागला. मी तिच्या मागे एका पावलावर चालत होतो. चार फेऱ्या झाल्या.

तिला खुर्चीत बसवून मी कूलरच्या टाकीची नळी गवतावरून उचलली, नालीकडे वळवली आणि तारेने घट्ट बांधली.