वार पाहू द्या

पाचव्या महिन्यात वाशीमच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "तुमची वार खाली आहे." मी बी.ए. झालेली, पण वार म्हणजे नेमकं काय ते मला धड माहीत नव्हतं. त्यांनी कागदावर पेनानं गर्भपिशवी काढून दाखवली. गर्भ पिशवीत रुजला की त्याच्याबरोबरच वार, म्हणजे बाळाला नाळेवाटे पोसणारा अवयव, तयार व्हायला लागते आणि बाळासोबत वाढत जाते. बहुतेकींची वरच्या अंगाला रुजते, माझी अगदी पिशवीच्या तोंडावर रुजली होती. पिशवी वाढली की कधीकधी वर सरकते. नाही सरकली तर कळांची वाट पाहायची नाही, ऑपरेशन करायचं. प्रवास बंद, वजन उचलणं बंद, आणि रक्त दिसलं की तडक दवाखान्यात यायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

रिठदला घरी येऊन मी हे सगळं सासूला सांगितलं. आत्याबाई गोठ्यात म्हशीपाशी बसल्या होत्या. म्हैस सकाळीच व्याली होती, आणि तिचा जार, म्हणजे जनावराची वार, पडेपर्यंत त्या तिथून हलणाऱ्या नव्हत्या. पडला की काडीनं उलटापालटा करून तो पुरा आहे का ते पाहायच्या, कारण तुकडा आत राहिला तर जनावर हातचं जातं. माझं ऐकून म्हणाल्या, "वार लेकरामागून येते बाई. थे अगोदर काहून येईन? डॉक्टर लोकायले काय, कायीबी सांगतेत." माझं डोकंच सणकलं. म्हशीवरून माझं बाळंतपण ठरवणारी सासू मला मिळाली, असं नवऱ्याला ऐकवून मी त्या दिवशी जेवले नाही.

सातव्या महिन्यात पुन्हा पाहिलं, वार जागची हलली नव्हती. पण पहिलं बाळंतपण माहेरी, मेडशीला, हे दोन्ही घरांत ठरलेलं. खरं सांगते, मलाही जायचंच होतं. आईच्या हातचं खावं आणि सासूच्या टोमण्यांतून सुटावं, एवढंच डोक्यात होतं. आठव्यात ओटी भरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नवरा मला सोडायला येणार होता.

त्या सकाळी न्हाणीत रक्त दिसलं. दुखत मात्र काहीच नव्हतं. कळ नाही तर घाबरायचं कशाला, मेडशीला जाऊन पाहू, असं मी ठरवलं. दोनदा बजावलेलं सोयीस्कर विसरले. साडी बदलली, डागाची तिथंच भिजत टाकली आणि पिशवी घेऊन बाहेर आले.

मागून आत्याबाई न्हाणीतून आल्या. "दुखते का?"

"नाही."

"कायीच नाही?"

"कायीच नाही."

मला वाटलं, आता म्हणतील, मग जा. पण त्यांनी चौकट धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. "एसटी नोको," त्या म्हणाल्या. "वाशीम." शेजाऱ्याची जीप त्यांनीच अडवली. वाटेत रक्त वाढत गेलं. माझं बाळ जाणार, मीही जाणार, आणि हे मी माझ्या हातानं केलं, एवढंच मनात येत होतं. आत्याबाई माझा हात धरून होत्या.

ऑपरेशन झालं. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. मुलगी झाली, बारकी होती, पण रडली.

मला स्ट्रेचरवर बाहेर आणलं तेव्हा आत्याबाई दारातच सिस्टरला म्हणत होत्या, "वार पाहू द्या."

"आजी, ती पिवळ्या पिशवीत जाळायला जाते. घरी पुरायला नाही देता येत."

"पुराले नाही मांगत. पाहू द्या."

डॉक्टरबाईंनी ऐकलं आणि स्वतः ट्रे घेऊन आल्या. मी पडल्यापडल्या पाहिली. भाकरीएवढी, एका बाजूनं काळजासारखी लाल, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत, मधून नाळ निघालेली. आत्याबाई म्हशीच्या जारावर वाकायच्या तशाच वाकल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "पुरी हाय."

डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "पोटात बाळाचं फुफ्फुस हेच, किडनी हीच. आईचं रक्त या बाजूला, बाळाचं त्या बाजूला. दोन्ही मिसळत नाहीत. मधल्या पातळ पडद्यातून हवा आणि अन्न बाळाकडे जातं, बाळाची घाण परत आईकडे येते."

आत्याबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. "बाई, हे खाली असली त लेकरू जाते का? दुखल्याबिगर?"

"वेळेवर आणलं नाही तर जातं. आईही जाते."

"माह्यं पयलं असंच गेलं. मानोऱ्याले, माहेरी. दुखत नाही म्हून सारे म्हणे, कायी होत नाही. मंग सासू म्हणे, तुनं हंडा उचलला, तूच खाल्लं लेकरू."

तीन वर्षं मी त्या घरात होते. माझा नवराच त्यांचा पहिला, असं मी धरून चालले होते.

"हंड्यानं वार खाली येत नाही, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती पहिल्यापासून तिथंच रुजलेली असते. तुमची काही चूक नव्हती."

आत्याबाईंनी ट्रे हातानं हळूच मागे सारला.

"सासू त मेली," त्या म्हणाल्या. "तिले आता कोन सांगन?"