भोंग्याचे सेल सांभाळणारी

सभेत आवाज बंद पडला, की तुम्ही कोणाकडे बघता? भोंगा ज्याच्या घरी असतो, त्याच्याकडेच ना? आणि बघता बघता मनात निकालही लावून टाकता. मग ज्या बाईचा निकाल त्या अंगणात असा उभ्या उभ्या लागला, तिची हकिकत जरा बूड टेकवून ऐका.

ती कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. एका शर्टाचं बटण दुसऱ्याला लागलं, तर तिचा जीव खालीवर होतो. मालकानं दुरुस्तीच्या नावाखाली इमारत रिकामी करायला सांगितली, तेव्हा भाडेकरू एकत्र आले आणि त्यांनी हातात धरायचा एक भोंगा घेतला. त्याला जाडे सेल लागायचे. दर सभेला नवे आणा, संपले की फेका. हिनं म्हटलं, "चार्जिंगचे घेऊ. सांभाळायचं माझ्याकडे लागलं."

पहिल्या खेपेला फसली. फुटपाथवरून आणलेल्या सेलांवर आकडे हे एवढाले, पण हातात घ्यावेत तर भुईमुगाच्या पोकळ शेंगा. दुसऱ्याच सभेत त्यांनी मान टाकली.

"अगं, सलाईन लाव त्यांना," नवरा म्हणाला.

दुसऱ्यांदा ती धड दुकानात गेली. वजन बघितलं, तारीख बघितली, याच जातीच्या सेलांना चालणारा चार्जर मागितला, परत दुसरं पाकीट काढायला लावलं. दुकानदार टेकीला आला. "बाई, सेल घेताय का जावई पसंत करताय?"

"जावई बिघडला तर लेक येऊन सांगते हो. हे मुके असतात."

घरी आल्यावर तिनं प्रत्येक सेलावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. सगळे एकाच वेळी चार्ज करायचे, एकाच वेळी वापरायचे. सभा संपली की भोंग्यातून काढून डब्यात, टोकाला टोक लागू न देता, उन्हापासून लांब. महिनाभर सभा नसली तरी एकदा चार्ज करायचेच, कारण ते नुसते पडून राहिले तरी उतरतात. नवऱ्यानं टॉर्चसाठी हात घातला, तर हिनं डबाच ओढून घेतला.

"एकच तर मागतोय!"

"तुझा एकच दात मागितला, तर देशील काढून?"

तळमजल्यावरच्या न्हाव्यानं तिचं नाव पाडलं, पावरहाऊस. ती जिन्यावरून उतरली की तो ओरडायचा, "बाजूला व्हा, शॉक बसेल!" तिला ते आवडायचं. कारखान्यात तिला नाव नव्हतं, मशीनचा नंबर होता.

मालकाचा माणूस बोलणी करायला येणार, त्या दिवशी कारखान्यात जादा पाळी लागली. आदल्या संध्याकाळी तिनं सेल भरून भोंगा कंडक्टरकाकांच्या हाती दिला. काका म्हणजे बसचे रिटायर कंडक्टर, भाडेकरूंचे अध्यक्ष. एके काळी त्यांच्या आवाजानं झोपलेली बस जागी व्हायची. घशाचं ऑपरेशन झालं आणि आता भोंग्याशिवाय त्यांचं बोलणं समोरच्या रांगेपलीकडे पोचत नाही. पण इमारतीचा भरवसा त्यांच्यावरच.

"काका, सगळं आत आहे हं. उघडायची गरज नाही."

पाळी सुटल्यावर ती थेट अंगणात आली, तेव्हा काका नुकतेच बोलायला उभे राहिले होते. सांगायचं एवढंच होतं, की हीच खोली परत मिळेल अशी लेखी हमी हातात पडेपर्यंत कोणीही होकाराचा हात वर करायचा नाही. भाषण रंगायच्या आधीच शब्द ओढल्यासारखे यायला लागले. मग घरघर. मग काहीच नाही. काकांनी भोंग्याला थपडा मारल्या. वरच्या मजल्यांवरून "ऐकू येत नाही!" सुरू झालं. मालकाच्या माणसानं गाडीतला माईक काढला आणि साखरेच्या आवाजात विचारलं, "दुरुस्तीला कोण कोण तयार आहे?" शेजाऱ्याचा हात वर गेला म्हणून शेजाऱ्याचा गेला. अर्ध्याहून जास्त हात वर.

मग सगळी तोंडं तिच्याकडे वळली.

"पावरहाऊस विकलं गेलं वाटतं," न्हावी म्हणाला. हसत म्हणाला. पण दिवेलागणीपर्यंत ते वाक्य मजल्यामागून मजला चढत गेलं आणि वर पोचेस्तोवर त्यातलं हसू गळून पडलं होतं.

तिनं भोंगा घरी आणून त्याचं मागचं झाकण उघडलं. आत दोन सेलांवर ठिपकाच नव्हता. नवे, चकचकीत, साधे स्वस्तातले सेल. असले सेल रेडिओला महिनोन्महिने पुरतात, पण भोंगा करंट ओढायला लागला की तिथल्या तिथे बसतात आणि सोबतच्या भरलेल्यांनाही चालू देत नाहीत.  आदल्या संध्याकाळपासून भोंगा एकाच घरात होता, काकांच्या.

दुसऱ्या दिवशी काका आपणहून आले. रुमालात गुंडाळलेले तिचे दोन सेल त्यांनी टेबलावर ठेवले.

"पोरी, तुझ्या सेलांवर आकडा कमी होता. एक पूर्णांक दोन. दुकानातल्या साध्यांवर दीड. सकाळी वाटलं, सभेत जोर कमी पडायला नको. सगळेच बदलणार होतो, पण दुकानदाराकडे दोनच निघाले."

"विचारायचं तरी, काका."

"तू कामाला गेली होतीस."

"आणि काल? काल अंगणात मी समोरच उभी होते. सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा तुम्ही कुठं बघत होता?"

काकांनी रिकाम्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "आता मीच चुकलो म्हटलं, तर मालकाचा माणूस टाळ्या पिटेल. उरलेले लोकही पांगतील. थोडं सोस."

"थोडं म्हणजे किती?"

 काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हेही तिला कळत होतं. सभेआधी आपण एकदा झाकण उघडून बघायला हवं होतं, हे तर तिला आतून कुरतडतच होतं. म्हणून ती गप्प बसली. नळावर बायकांनी बादल्या बाजूला सरकवल्या, तरी गप्प. "मालकानं तुम्हाला खोली किती मोठी कबूल केलीय गं?" असं तिसऱ्या मजल्यावरच्या मावशीनं हिच्या लेकीला विचारलं, तेव्हा नवऱ्याचं डोकं फिरलं. त्याला तिनंच हात धरून आत ओढलं.

मग न्हावी दारात आला. यावेळी शॉक नाही, बिक नाही. "भोंगा, डबा आणि चार्जर द्यायला सांगितलंय सगळ्यांनी."

तिनं काढून दिलं. वर दोन साधे सेल वेगळ्या कागदात बांधून दिले. "हे चार्जरला लावू नका. साधे आहेत, फुटतील."

"साधे? हे कुठून आले?"

तिनं वर पाहिलं. काका गॅलरीत उभे होते. त्यांनी ऐकलं आणि ते आत गेले.

तिला तेवढं पुरलं. न्हाव्याला काही न सांगता ती जिना चढली आणि काकांच्या उंबऱ्यातच उभी राहिली. "रविवारच्या सभेत तुम्ही बोला, काका. नाही बोललात, तर मी बोलेन. माझी खोली गेली तर दुसरी शोधीन. नाव कुठं शोधू?"



रविवारी संध्याकाळी त्याच अंगणात सभा आहे. काका बोलले तर बरंच. नाही बोलले, तर ती उठणार आहे आणि भोंगा तिच्या हातात कोणी देणार नाही. तेव्हा तुम्ही या. आणि कृपा करून मागे जिन्याला टेकून उभे राहू नका, पुढे या, अगदी तिच्याजवळ. तिचा आवाज लहान आहे.