सासऱ्यांची न्याहारी

डॉक्टरांनी सासऱ्यांचं तेल-मीठ कमी करायला सांगितलं. तेव्हापासून शाळेत शिकवायला जायच्या आधी मी त्यांच्यासाठी कधी मुगाचं धिरडं करायची, कधी ज्वारीची उकडपेंडी. एका सकाळी अंगणात पाहते तर शेजारची बकरी माझं धिरडं चघळत होती.

"बाबा, हे काय?"

"तिले बी भूक लागते ना! मले काहून दवाखान्याचं खाऊ घालून राहिली?"

मी चिडून म्हणाले, "उद्या तुम्हीच करा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच फोडणीचा भात केला. तेल ताटभर ओघळत होतं. भुकेपोटी मी दोन घास खाल्ले. भात फक्कड झाला होता. त्याचाच मला जास्त राग आला. मी तेलाची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं.