ओला अंगठा

आमच्या यांना सगळे तारवाले म्हणतात. हे गिटार बनवतात, त्यातही बेस गिटार, म्हणजे चार जाड तारांची, जिचा आवाज कानाआधी पोटात कळतो. ऑर्डर देणारा येतो, हाताचं माप देतो, लाकूड निवडतो आणि पाच-सहा महिने वाट बघतो. माणूस तसा साधा. चहा गार करून पिणार, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणार. खोड एकच, आणि तिने माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

लाकूड घासून झालं की पॉलिशनंतर रंग कसा येईल ते बघायला हे अंगठा जिभेवर ओला करतात आणि लाकडावर फिरवतात. तेवढ्या जागेत आतल्या रेषा वर येतात. मग मान हलवायची आणि तोच अंगठा परत जिभेवर. सव्वीस वर्षं बघतेय. "अहो, शी!" म्हणून म्हणून माझी जीभ झिजली, यांची नाही.

चार वर्षांपूर्वी कोकोबोलो नावाचं परदेशी लाल लाकूड घासताना यांचे ओठ सुजले, डोळे सुजून बंद झाले आणि श्वास घेताना घशातून शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरीणबाईंनी कसंबसं वाचवलं. म्हणाल्या, "या लाकडाची धूळ तुम्हाला विष आहे. पुढच्या वेळी दवाखाना गाठायला वेळ मिळेलच असं नाही." मी अंगठ्याचं सांगितलं तेव्हा बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. हे छताकडे बघत बसले, जसा काही सगळा दोष पंख्याचाच.

तेव्हापासून आमच्या फ्रिजवर एक डबा असतो. त्यात पुन्हा तसं झालं तर मांडीत टोचायचं इंजेक्शन. घरातलं सगळं लाल लाकूड मी काढून टाकायला लावलं, एक फळी सोडून. ती आमच्या लंबूच्या जन्माच्या वर्षी घेतलेली. लंबू म्हणजे आमची एकुलती लेक, बापाच्या डोक्यावरून बघते. ती बेस वाजवते. या फळीची बेस तुला, हा शब्द यांनी ती पाळण्यात असताना दिलेला. यंदा तिला दुसऱ्या गावी वाद्यवृंदात जागा मिळाली आणि हे त्या फळीभोवती घुटमळायला लागले.

एका दुपारी मी बाजारातून लवकर परतले, तर हे कामाच्या खोलीत फळी पुढ्यात घेऊन बसलेले. तोंडाला मास्क.

"नुसतं बघत होतो गं."

"बघायला मास्क लागतो?"

यांनी मास्क काढून खिशात कोंबला. आधी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग मला कळून चुकलं, हा माणूस ऐकणार नाही. मी पाठ फिरवायची खोटी, की हा घासायला बसेल, आणि मी घरी येईन तेव्हा सगळं संपलेलं असेल.

"मी करते," मी म्हणाले. "तुम्ही या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

"तू?"

"मी. इतकी वर्षं तुमच्या गिटारींना तेल कोण लावतंय? शेजारीण?"

फळी लाकडाच्या गिरणीतून चिरून आणली. पुस्तक उघडावं तशा दोन पातळ फळ्या जोडून गिटारच्या बॉडीवर बसवल्या. बोटाच्या जेमतेम पाव पेराइतक्या जाड, त्यामुळे चुकून जास्त घासलं की गेलंच. हे खिडकीबाहेर उभे, बंद काचेपलीकडे, हातात लंबूची लहानपणची पाटी. पाटीवर लिहायचे, "उजवीकडे अजून", "थांब", "हलक्या हाताने". एकदा "वा" लिहिलं आणि लगेच पुसलं, मी शेफारेन म्हणून असेल.

तीन आठवडे माझा जीव टांगणीला. लाकूड बिघडेल ही भीती होतीच, पण ती मोठी नव्हती. खरी भीती संध्याकाळची. मी मागच्या दारी आंघोळ करायची, केस दोनदा धुवायची, कपडे पिशवीत बांधायची आणि तरी यांच्यापासून हातभर लांबच बसायची. एखादा कण राहिला असला तर? हे जेवताना मी श्वास ऐकत बसायची, माझा घास तसाच हातात. साधं खोकले तरी मी फ्रिजकडे धावायची. लंबू म्हणायची, "आई, वरण तिखट झालंय, बाकी काही नाही."

शेवटच्या दिवशी सगळ्यात बारीक पॉलिश पेपरने हात फिरवून झाला. आता फक्त रंग बघायचा, मग तेल. यांनी पाटीवर मोठ्या अक्षरात "थिनर" लिहून खाली दोन रेघा ओढल्या. थुंकीऐवजी वापरायची थिनरची बाटली आणि फडकं सकाळपासून माझ्यासमोर मांडून ठेवलं होतं. मी मान हलवली. लाकडावरची धूळ पुसली.

आणि मास्क खाली ओढून अंगठा जिभेवर ओला केला आणि लाकडावर फिरवला.

देवाशप्पथ सांगते, मनात काहीसुद्धा नव्हतं. सव्वीस वर्षं बघितलेलं हाताने आपोआप केलं. लाल रेषा झरझर वर आल्या आणि तोंड कडू झालं तेव्हा भानावर आले. वर बघितलं तर खिडकीत कुणी नाही.

दार धाडकन उघडलं. हे आत, उघड्या तोंडाने, त्या धुळीत.

"थुंक! आधी थुंक!"

माझा हात धरून स्वतःच्या सदऱ्याने अंगठा खसाखसा पुसायला लागले.

"अहो, बाहेर व्हा! मला काही होत नाही, तुम्हाला होतं!"

ऐकतात कुठे! मी ढकलत ढकलत अंगणात आणलं, तोवर ती शिट्टी सुरू झाली होती.

"लंबू! डबा!" मी बोंब मारली आणि जागच्या जागी थांबले. माझ्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत तीच धूळ. नवरा चार हात अंतरावर पायरीशी कोसळलेला, ओठ निळे पडत चाललेले, आणि मला त्याला हात लावायची सोय नाही. लंबूने यांचा सदरा काढून फेकला, मांडीत सुई टोचली, दवाखान्याची गाडी बोलावली. मी नळाखाली बसून कपड्यांनिशी अंगावर बादल्या ओतत होते आणि ओरडत होते, काय ते आठवत नाही. गाडी मला न घेताच गेली.

मी दवाखान्यात पोचले ती अंगठा दगडाने घासघासून. रक्त यायचं बाकी होतं. वाटेत ठरवलं होतं, हे वाचले तर यांना असं झाडायचं की जन्माची आठवण राहील. डॉक्टरीणबाई दारातच भेटल्या. "मुलीने वेळेत टोचलं," एवढंच म्हणाल्या.

यांच्या नाकातोंडावर ऑक्सिजन, डोळ्यांच्या नुसत्या फटी. मी खाटेजवळ गेले तशी यांनी चाचपडत माझा हात धरला, अंगठा शोधला आणि चादरीच्या टोकाने पुसायला लागले.

"अहो, धुतलाय. मला काही झालेलं नाही."

यांनी मास्क जरासा उचलला. "खूप घाबरलो गं."

आता कळलं का, माझी चार वर्षं कशी गेली ते, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण नुसता यांचा मास्क परत बसवला. हे अंगठा पुसतच राहिले, आणि मी पुसू दिला.