काठावरचे नाना

"मार धप्पा! अरे, पाणी बघतोयस की मुलगी बघायला आलायस? मार!"

रहाडीच्या काठावर माझे पाय रुतून बसले होते, खाली पिवळा रंग वाफाळत होता आणि मागून नाना ओरडत होते. जुन्या नाशकातली रंगपंचमी ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद. वर्षभर मातीखाली झाकलेला असतो. रंगपंचमीला तो उघडतात, फुलं उकळून केलेला गरम रंग त्यात ओततात आणि काठावरून उडी घ्यायची. तिला म्हणतात धप्पा. मी नाक धरलं, डोळे मिटले आणि मारला. रंग असा उडाला, की गोदावरीपलीकडे पंचवटीत वाळत घातलेली धोतरं पिवळी झाली. खोटं वाटत असेल तर पंचवटीत जाऊन विचारा. फक्त धोतर नेसणारा आधी शोधावा लागेल.

नानांचं आमच्या गल्लीत तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. शेजारी दिवसभर हंड्यांवर हातोडे पडायचे. त्यांच्या वरताण बोलायचं म्हणून चढवलेला आवाज पुन्हा कधी उतरलाच नाही. नानांनी काकूंच्या कानात सांगितलेलं गुपित शालिमार चौकातल्या रिक्षावाल्यांना पाठ असे.

गल्लीत कोणी कशावरही अडलेला दिसला, की नानांचा सल्ला एकच. एकाला नोकरी सोडून मिसळीचं दुकान टाकायचं होतं, पण धीर होईना. "मार धप्पा!" आज त्याच्या तर्रीचा ठसका लागलेला माणूस ओझरला विमानात बसला तरी खोकत असतो. मास्तरांच्या मुलीला जर्मनीत नोकरी लागली. आई रडायला लागली, मास्तर पंख्याकडे बघत बसले. नाना रस्त्यावरूनच ओरडले, आणि मुलीच्या आधी आईनंच बॅग भरायला घेतली. मी स्वतः देवळ्याला मुलगी पाहायला गेलो होतो. दोन बशा पोहे खाऊनही तोंडातून शब्द फुटेना, म्हणून अंगणात येऊन नानांना फोन लावला. उगाच लावला. नुसतं नाशिककडे कान करून उभा राहिलो असतो तरी ऐकू आलं असतं. आतून होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "मग होकार समजायचा ना?"

असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच. पुढं पुढं आपल्या डोक्यात बोलतंय ते आपण की तो, हेच कळेनासं होतं. बायको विचारायची, "अहो, तुमचं स्वतःचं असं एक तरी मत आहे का?"

"थांब," मी म्हणायचो, "नानांना विचारून सांगतो."

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी नानांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, तेही लवकर. नाना म्हणाले, "थंडी जाऊ दे." मग म्हणाले, "द्राक्षं संपू देत." मग, "रंगपंचमी झाली की बघू." जिना चढताना मध्येच बसायचे, पण ऑपरेशनचं नाव काढू देईनात. एका सकाळी काकू आमच्याकडे आल्या.

"तूच बोल बाबा त्यांच्याशी. डॉक्टर म्हणतात, थांबणं धोक्याचं आहे. आणि हे? अरे, यांनी आयुष्यात एक धप्पा मारलेला नाही."

"काय सांगता काकू! दरवर्षी डोक्यापासून पायापर्यंत पिवळे असतात."

"तो तुमचा उडालेला रंग."

खरंच की! उडी मारताना आमचे डोळे मिटलेले. काठावर कोण राहिलं, हे बघणार कोण?

तसाच दुकानात गेलो. "नाना, आता तुमची पाळी. मारा धप्पा."

"तुमचं काय जातं रे नुसतं ओरडायला!" नाना खेकसले, आणि आपण काय बोललो ते कळून तिथेच थांबले. शेजारचे हातोडेही नेमके तेव्हाच थांबले होते. मग नाना हळू बोलले. त्यांना हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"मला भीती वाटते रे. लहानपणापासून. तुम्ही उडी मारलीत की वाटायचं, मीच मारली."

मी म्हणालो, "मग या वेळी आम्ही काठावर उभे राहतो."

ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलात अख्खी गल्ली हजर. मिसळवाला कढई गॅसवर तशीच सोडून आलेला, मास्तरांची मुलगी जर्मनीहून मोबाइलवर. स्ट्रेचर निघालं. नाना छताकडे बघत होते, ओठ पांढरे पडलेले. मी ओरडायला तोंड उघडलं आणि स्ट्रेचरची दांडी धरून नुसताच चालत राहिलो. सगळ्यांचं तेच. इतक्यात मागून आवाज आला. काकूंचा. तो आवाज आम्ही कधी उंबऱ्याबाहेर ऐकला नव्हता.

"मारा हो धप्पा!"

मग काय, गल्लीचा बांध फुटला. नर्स धावत आली, "अहो, हॉस्पिटल आहे हे!" आयसीयूतले दोघे उठून पायी घरी गेले असं नंतर कानावर आलं. ते मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण एक सांगतो. दार बंद होता होता नानांनी दोन बोटांनी नाक धरलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी डॉक्टर हसत बाहेर आले आणि मिसळवाला असा रडला, की त्या दिवशी शहराला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणाला रजा होती म्हणतात.

भेटायला आत सोडलं, तेव्हा नाना उशीला टेकून बसले होते.

"काय नाना, कसा झाला धप्पा?"

नानांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"पाणी गार होतं," ते म्हणाले.